खाजेच्या मलमाआधी

थंडीत पोटऱ्या खाजू लागल्या की तुम्ही दुकानातून खाजेची ट्यूब आणता. जरा थांबा. त्वचेचा वरचा थर भिंतीसारखा असतो: पेशी म्हणजे विटा, त्यांमधली स्निग्धद्रव्ये म्हणजे सिमेंट. कडकडीत पाणी आणि साबण हे सिमेंट धुऊन नेतात. मग ओलावा उडतो, खाज सुटते. अशा अनेक ट्यूबमध्ये स्टेरॉइड असते. लगेच बरे वाटते. पण स्वतःच्या मनाने महिनोन्महिने लावल्यास त्वचा पातळ होते. म्हणून माझ्या रुग्णांना मी आधी भिंत सांधायला सांगतो. कोमट पाण्याने 5 ते 10 मिनिटांत आंघोळ, साबण फक्त काखा-जांघांना, अंग टिपून ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर दाखवायला या. मधुमेह असेल आणि पायाला भेग पडली असेल, तर मात्र एक दिवसही थांबू नका.