भिंती आमच्या, भुई दुसऱ्याची

हिंगणघाटातल्या आमच्या घराच्या भिंती, कौले, दारे सारे आमचे. भुई तेवढी दुसऱ्याची. आजोबांनी गिरणीच्या पगारातून घर उभारले आणि जागेचे भाडे दरसाल देत राहिले. मालकाच्या वारसांनी ते एकदम चौपट मागितले, तेव्हा आम्ही कायदा उघडला. विदर्भातला १९४९चा भाडेनियंत्रण आदेश जाऊन ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला. त्यानुसार मालकाला वर्षाला चार टक्केच वाढ घेता येते. हायसे वाटले, पण क्षणभरच. या कायद्याचे छत्र इमारतीवर किंवा तिच्या भागावर आहे. नुसत्या मोकळ्या जमिनीवर नाही. मुंबईच्या १९४७च्या कायद्यात ती होती, हे वाचून तर अधिकच चुटपुट लागली. म्हणजे परक्याच्या घरात राहणाऱ्याला संरक्षण, आणि पदरमोड करून घर बांधणाऱ्याला नाही!

अमेरिकेत चाकांवरून आणलेली घरे अशीच भाड्याच्या जमिनीवर उभी असतात. ती पुन्हा हलवणे रहिवाशांना परवडत नाही, हे जमीनमालक ओळखून असतो. आमच्या घराला तर चाकेही नाहीत. मोडून नेले तरी हाती काय यायचे? सागवानी दारे आणि थोडी कौले.

यंदाचे भाडे दुपटीवर तडजोड करून भरले. पावती अजून आलेली नाही.