फळी बसेना म्हणून खंड गोणीत?

निघोज्यातल्या माझ्या भाड्याच्या खोलीत स्क्रूनं जोडायचं जुनं पुस्तकांचं कपाट आहे. फळ्या पिनांवरून निसटायच्या. ‘खंड गोणीत भरा, मोबाईलमध्ये पीडीएफ आहे की,’ एक कार्यकर्ता म्हणाला. बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधलं ते पुस्तकांसाठी. आणि आपण गोणी शोधायची?

दोष फळ्यांचा नव्हताच. पाठीचा हार्डबोर्ड सुटून कपाट तिरकं झालं होतं, बाजू फाकल्या होत्या. सगळं रिकामं केलं, दोन्ही कर्ण मोजून सारखे केले, मगच पाठ ठोकली. पार्टिकल बोर्डाची भोकं भुसभुशीत झालेली. म्हणून फळ्यांखाली लाकडी पट्ट्या स्क्रूनं बसवल्या. वाकलेली फळी उलटी घातली. जाड खंड तळाला.

शेजारची बी.ए.ची मुलगी आता येता-जाता पुस्तकं चाळते. परवा महाराष्ट्र शासनानं १९७९ साली काढलेला पहिला खंड घेऊन गेली. पीडीएफ तिनं कधी मागितली नव्हती.