पकड येते का?

पांढरकवड्याच्या काळ्या मातीवर कबड्डीचं मैदान करायचं तर मुरूम टाका, पाणी मारा, धुम्मस करा. त्यानंतर खरी कटकट सुरू होते. २०१४ साली प्रो कबड्डी आली तेव्हापासून मैदानावर येणाऱ्या प्रत्येक पोराला चढाईपटूच व्हायचं असतं. परदीप नरवालची डुबकी सगळ्यांना पाठ. डावा कोपरा सांभाळणाऱ्या इराणच्या फझल अत्राचलीचं नाव घेतलं की गप्प.

मी नव्या पोराला आधी कोपऱ्यातच उभं करतो. "सर, आमच्या पोराले चढाई कवा देता?" असं बाप विचारतो. देईन ना, आधी पकड येऊ द्या.

कोपऱ्यातल्या पोराला मी चढाईपटूच्या डोळ्यांत बघू देत नाही. डोळे, खांदे, हात हुलकावणी देतात; पायावरचा भार लपत नाही. बोनससाठी त्याने एक पाय रेषेपलीकडे टेकला आणि मागचा उचलला की सगळं अंग त्या पुढच्या पायावर येतं. तेवढ्यात घोटा धरायचा, आधी नाही. आणि त्याच क्षणी शेजारच्या कव्हरने अंगावर जायचं, नाहीतर घोटा धरणाऱ्याला फरफटत नेऊन तो मध्यरेषेला हात लावतो. हे कोपऱ्यात शिकलेला पोरगा पुढे चढाईला गेला की समोरचा कोपरा कधी झेपावणार, हे त्याला न बघता कळतं.

खरी अडचण चढाई करून परतल्यावर येते. ३० सेकंद दम घुमवून पोरगा गुण आणतो, कमरेवर हात ठेवून पब्लिककडे बघतो आणि ५ सेकंदांत समोरचा गडी आत! हुशार असेल तर तो याच्याच बाजूने येतो. आणलेला गुण तिथेच परत. म्हणून आमच्याकडे चढाईवरून आल्यावर लगेच शेजाऱ्याचा हात धरून साखळी जुळवायची. पुढची चढाई अडवली की मगच पाणी.

सामना अडतो तोही इथेच. मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना पकड झाली तर दोन गुण मिळतात. त्या तिघांत एखादा चढाईपटू असतोच, आणि नेमकी त्यालाच पकड येत नाही. असा पोरगा कितीही गुण आणो, माझ्या पहिल्या सातांत बसत नाही.