पोफळी, माड आणि शिडीची गाडी

पोफळी म्हणजे सुपारीचे झाड. चिपळूण तालुक्यात, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी, या झाडाचेच नाव धारण करणारे एक गाव आहे. महाराष्ट्राला ते ठाऊक आहे ते मात्र सुपारीमुळे नव्हे, विजेमुळे. कोयनेच्या शिवाजीसागराचे पाणी बोगद्यावाटे सह्याद्रीच्या पोटातून येते, सुमारे पावणेपाचशे मीटर खाली उतरते आणि डोंगराच्या आत कोरलेल्या वीजगृहातील चक्रे फिरवते. १९६२ साली तेथे पहिली वीज निर्माण झाली. एवढ्या उंचीवरून पाणी खाली आणण्याची विद्या ज्या गावात साठ वर्षांपूर्वी आली, त्याच गावात पंधरा-वीस मीटर उंचीवरचा नारळ खाली आणावयास आज माणूस मिळेनासा झाला आहे.

प्रकल्पाच्या निमित्ताने बाहेरून आलेली काही ख्रिस्ती कुटुंबे पोफळी-अलोरे परिसरात स्थायिक झाली. त्यांच्या भेटीगाठींसाठी माझे तेथे जाणे असते. प्रार्थना होते, चहा होतो, आणि मग बोलणे हटकून माडांवर येते. मुले मुंबईत किंवा परदेशात. घरात सत्तरीची आई. दारचे चार माड वाळलेल्या झावळांनी लटकलेले. कौलांवर आंब्याची फांदी टेकलेली. पाडेली येतो म्हणतो आणि येत नाही. आला तर पावसाच्या तोंडावर येतो, आणि त्या दिवसाची मजुरी देताना आजीचा चेहरा पाहवत नाही. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, ईश्वरविज्ञान शिकलो. माडावरील वाळलेली झावळ उतरवावी कशी, हा प्रश्न कोणत्याही परीक्षेत आला नाही. धर्मग्रामात मात्र तो दरवर्षी मे महिन्यात येतो.

अशाच एका आजींचा मुलगा आखाती देशात नोकरीला आहे. त्याने गेल्या वर्षी मला फोन केला. "फादर, इथे आम्ही मॅनलिफ्टवर काम करतो. एक जुनी लिफ्ट मी घेऊन देतो. पॅरिशच्या नावावर ठेवा. ज्याला लागेल तो भाड्याने नेईल, चर्चलाही चार पैसे मिळतील. आई पाडेलीच्या मागे धावून थकली हो."

प्रस्ताव मनापासूनचा होता, म्हणून त्याचा मनापासून विचार करणे भाग होते.

शहरातील वाचकांनी ही गाडी रस्त्यावरचे दिवे बदलताना पाहिली असेल. ट्रकवर अथवा ओढून नेण्याच्या गाड्यावर बसवलेला, कोपरात दुमडणारा लोखंडी हात; त्याच्या टोकाला माणूस उभा राहील एवढा पिंजरा; आणि तो हात उचलणारा तेलाचा दाब. तिचे एक नाव आहे 'चेरी पिकर'. कॅलिफोर्नियातील जे आयटेल या गृहस्थाने १९४४ साली, शिडीवरून चेरीची फळे तोडून हैराण झाल्यावर, ती घडवली असे सांगतात. म्हणजे मुळात तिचा जन्म झाडासाठीच झाला; विजेचे खांब आणि इमारती तिच्या वाट्याला मागाहून आल्या. दुसरी कथा जॉन ग्रोव्ह या अमेरिकन कारखानदाराची. १९६७ साली प्रवासात असताना हूवर धरणापाशी परांचीवर काम करणारे दोन कामगार विजेच्या धक्क्याने मेलेले त्यांनी पाहिले, आणि दोन वर्षांनी माणसाला सुरक्षितपणे उंचावर नेणारी यंत्रे बनवण्याचा उद्योग सुरू केला, असे म्हणतात. एक यंत्र कंटाळ्यातून आले, दुसरे मरणातून. पोफळीसारख्या गावाला ही दुसरी कथा अधिक जवळची वाटावी.

आता आपल्या अंगणांकडे पाहू. सुपारीची लागवड साधारणतः २.७ मीटर अंतरावर करतात, माडांची ७.५ मीटर अंतरावर. गाडी कितीही लहान घेतली तरी काम करताना तिला चारी बाजूंना पाय पसरून टेकवावे लागतात, आणि त्यासाठी तीन-चार मीटर सपाट, घट्ट जागा हवी. म्हणजे पोफळीच्या आगरात ती शिरणारच नाही. कोकणातले घर सहसा उतारावर, दोन गडग्यांच्या मध्ये, पाखाडीच्या वर. पावसाळ्यात माती लोण्यासारखी. अंगणात शौचकूपाची टाकी कोठे आहे हे घरच्यांनाही आठवत नाही, आणि गाडीचा एक पाय नेमका तिच्या झाकणावर पडला तर वर असलेल्या माणसाचे काय होईल ते सांगावयास नको. वारा ताशी पंचेचाळीस किलोमीटरच्या पुढे गेला की अशा बहुतेक गाड्यांवर काम थांबवावे लागते. आणि पिंजरा विजेच्या तारेजवळ न्यावयाचा तर महावितरणकडून आधी तार बंद करून घेतली पाहिजे; साधी लोखंडी गाडी वीज अडवत नाही, उलट वाहून नेते.

मालकीचा हिशेब याहून सरळ आहे. एका घराला अशा गाडीचे काम वर्षातून एक-दोन दिवसांचे. उरलेले दिवस ती उभी राहणार, आणि कोकणच्या दमट हवेत उभे राहणे हेच यंत्राचे आजारपण. बॅटरी उतरते, तेलाच्या नळ्या तडकतात, लोखंड गंजते. दरवर्षी जाणकाराकडून तपासणी हवी, विमा हवा, आणि शिकलेला चालक हवा. हा चालक वर्षातले दोनच दिवस चालक राहणार असेल, तर तिसऱ्या वर्षी तो पुण्याला निघून जाईल. भाड्याने आणावी तर मोठ्या शहरातून येण्या-जाण्याचा खर्च आपल्यावर, आणि भाडे पूर्ण दिवसाचे, मग काम दोन तासांचे का असेना. एका आजीला तेही परवडत नाही. दहा घरांनी मिळून एक दिवस आणली तर परवडते.

पण या सगळ्या आकडेमोडीत एक माणूस कोठेच दिसत नाही.

माडावर चढणे पाहिले नाही असा कोकणी माणूस नाही, म्हणूनच ते नीट पाहिलेला माणूस विरळा. पायांत दोराचा फास, कमरेच्या आकडीत कोयती. बुंध्याला मिठी मारून दोन्ही पाय एकदम वर. सुपारीवर तर तो एका झाडाच्या शेंड्यावरून झाड झुलवून शेजारचे झाड पकडतो आणि खाली न उतरताच आगर पालथे घालतो. पावसाळ्यात कोळेरोगापासून सुपारी वाचवावयाची तर घोसांवर बोर्डो मिश्रण मारावे लागते, तेही दोन-तीनदा; म्हणजे झाड शेवाळलेले असतानाच चढणे आले. बाजारात सुपारी विकत घेताना हे कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या परिसरातील एका अंगणात एक पाडेली माडावरून पडला. पाऊस नुकताच थांबला होता. जीव वाचला, कमरेखालचे शरीर गेले. मालक वाईट नव्हता. त्याने गाडी करून इस्पितळात नेले, पहिला खर्च केला, दोन-तीन महिने तांदूळ पाठवले. मग आपले देणे फिटले असे त्याला वाटू लागले, आणि त्याच्या जागी असतो तर बहुधा आपल्यालाही वाटले असते. मजुरी झाडामागे ठरलेली होती. पडण्याची मजुरी ठरलेली नव्हती. मी भेटावयास गेलो तेव्हा तो माणूस खाटेवर उताणा, नजर आढ्याकडे. पैशाविषयी तो बोलला नाही. म्हणाला, "फादर, भिंतीला माझ्या दोन कोयत्या आहेत. चांगल्या आहेत. कोणाला तरी द्या. पोराला देऊ नका."

लिफ्टचा प्रस्ताव पॅरिश कौन्सिलपुढे आला तेव्हा एका सभासदाने विचारपूर्वक आक्षेप घेतला: गाडी आपल्या नावावर झाली की अपघाताची जबाबदारीही आपल्यावर येईल. मला पवित्र शास्त्रातील एक लहानसा नियम आठवला. अनुवाद या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात, पक्ष्यांची घरटी, बैल आणि गाढव अशा घरगुती नियमांच्या गर्दीत, नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा बांधावा असे सांगितले आहे. नाहीतर तेथून कोणी पडला तर रक्ताचा दोष त्या घराला लागेल. पडणारा कोण, घरचा की मजूर, तो सावध होता की बेसावध, हे तो नियम विचारत नाही. गच्ची ज्याची, कठडा त्याचा. माडही ज्याचा त्याचाच आहे. तेव्हा जबाबदारी गाडीबरोबर येणार नव्हती. ती आधीपासून अंगणातच उभी होती. हे मी बोलून दाखवले. सभासद गप्प राहिले; पटले म्हणून की फादरांशी वाद नको म्हणून, कोण जाणे.

त्यानंतर आम्ही झाडांची वाटणी केली. जिवंत, सरळ माड आणि पोफळी एकीकडे. मेलेली, पोखरलेली, कललेली झाडे आणि कौलांवर आलेल्या जड फांद्या दुसरीकडे. हा भेद पाडेलीला पूर्वीपासून ठाऊक असतो. तो झाडावर विश्वास टाकून चढतो. सोंड्या भुंग्याची अळी माडाला आतून खाते; बाहेरून झाड बराच काळ धडधाकट दिसते आणि एके दिवशी शेंडा कोसळतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले, तेव्हा श्रीवर्धन आणि दापोली-मंडणगडकडील आगरांत हजारो झाडे मोडली. उरलेल्यांतील कित्येक अर्धवट उपटून तिरकी उभी राहिली. अशा झाडावर चढा असे सांगण्याचा अधिकार कोणाला नाही. येथे शिडीच्या गाडीला पर्याय नाही, कारण पिंजऱ्यातील माणसाचा भार झाडावर नसतो. मात्र त्यानेही पट्टा पिंजऱ्याच्या कडीला अडकवलाच पाहिजे, आणि पिंजऱ्यातून फांदीवर पाऊल टाकता कामा नये.

जिवंत माडांसाठी दुसरी साधने आहेत. केरळातील कण्णूर जिल्ह्यात, चेंबेरी येथील एम. जे. जोसेफ या शेतकऱ्याने, ज्यांना लोक अप्पच्चन म्हणत, माडावर चढण्याचे साधे यंत्र बनवले: दोन लोखंडी सांगाडे, बुंध्याभोवती तारेचे दोर, हातापायांनी एकेक वर सरकवत जावयाचे. नारळ विकास मंडळाने २०११ साली 'नारळाच्या झाडाचे मित्र' या नावाने तरुण-तरुणींना अशा यंत्रावर चढण्याचे प्रशिक्षण देण्यास आरंभ केला. झाडावर चढणाऱ्यांसाठी मंडळाची 'केरा सुरक्षा' ही विमा योजनाही आहे आणि तिच्या हप्त्याचा मोठा भाग मंडळच भरते. कर्नाटकात बंटवाळजवळच्या गणपती भट यांनी तर पोफळीवर चढणारी, पेट्रोलवर चालणारी बैठकच तयार केली. २०१९ साली तिची चित्रे देशभर फिरली. आंब्याच्या बाबतीत आपल्या कोकण कृषी विद्यापीठाचा नूतन झेला आहेच. जमिनीवर उभे राहून देठासकट फळ उतरते. नवी लागवड करणाऱ्याने बुटक्या जातीचा विचार करावा हेही खरे, पण आजीच्या दारातील बाणवली माड तिच्या सासऱ्यांनी लावलेला आहे. तो बुटका होणार नाही आणि ती तो तोडू देणार नाही.

अखेर ठरले ते असे. गाडी विकत घ्यावयाची नाही. वर्षातून एकदा, एप्रिलमध्ये, जमीन कोरडी असताना ती चालकासह भाड्याने आणावयाची. घरांची यादी आधी करावयाची, भाडे तासांच्या प्रमाणात वाटावयाचे आणि ज्या घराला झेपणार नाही त्याचा वाटा पॅरिशने द्यावयाचा. आखातातून येणाऱ्या रकमेतून चढण्याची दोन यंत्रे आणि खांदे-मांड्या दोन्हींना धरणारे पूर्ण पट्टे घ्यावयाचे. नुसता कमरेचा पट्टा पडत्या माणसाची कंबरच मोडतो. शिवाय आमच्या घरांत येणाऱ्या प्रत्येक पाडेलीच्या विम्याचा त्याच्या वाट्याचा हप्ता आपण भरावयाचा, तो कोणत्या धर्माचा आहे हे न विचारता.

फोनवर हे सांगितले तेव्हा तो तरुण थोडा हिरमुसला. मला त्याचे नवल वाटले नाही. पिवळी गाडी चर्चच्या आवारात उभी राहिली असती, आईने ती शेजारणींना दाखवली असती. विम्याचा हप्ता कोणाला दाखवता येत नाही. तरी रक्कम त्याने पाठवली.

जुने पाडेली यंत्राला नाके मुरडतात, आणि त्यांच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. प्रत्येक झाडाला ते बांधा, सोडा, यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात कसलेला माणूस चढून उतरतोसुद्धा. आणि मजुरी झाडामागे असेल तर सावकाश चढणाऱ्याचे पोट भरत नाही. म्हणून यंत्रावर चढणाऱ्याला दिवसाची मजुरी द्यावी असे आम्ही घरोघरी सांगत आहोत. सगळ्यांना ते रुचलेले नाही.

यंत्र शिकावयास पहिला आला तो त्या पडलेल्या माणसाचा मुलगा. मी त्याला म्हटले, आधी वडिलांना विचार. दुसऱ्या दिवशी तो यंत्रच उचलून घरी घेऊन गेला. मीही मागोमाग गेलो. बापाने सांगाडा खाटेवर, आपल्या पायांवर ठेवून घेतला. तारेचा दोर अंगठ्याखालून हळूहळू, पीळ मोजत असल्यासारखा फिरवला. बराच वेळ काही बोलला नाही. मग मला विचारले, "हा दोर झिजला की बदलणार कोण, फादर? पोर बदलणार नाही, त्याला वाटेल अजून चालेल. ते तुमच्या वहीत लिहून ठेवा."

वहीत लिहिले आहे: दोर दरवर्षी मे महिन्यात बदलावयाचा, झिजलेला दिसो वा न दिसो, खर्च पॅरिशचा.