मांडीचें भाकीत

इंदापूर तालुक्यांतील आमच्या गांवीं पहाटे फिरावयास निघालें कीं बारामतीच्या रस्त्यावर धांवणारीं पोरें भेटतात. पोलीस भरतीचीं हीं पोरें. आषाढांत तुकोबांची पालखी बारामतीहून सणसरकडे येते, त्याच वाटेवर यांची वारी वर्षभर चालू असते. भरतींत 1600 मीटरांत दम जातो. मांडीमागची शीर ओढली जाते ती बहुधा 100 मीटरांच्या धांवेंत.

आमचा पुतण्या यांतलाच. भरतीपूर्वीं दोन महिने आम्हीं त्याला पुण्यास नेऊन मांड्यांच्या बळाची परीक्षा करविली. खुर्चींत बसून, यंत्राच्या दांड्याला पाय बांधून, गुडघा वांकवावयाचा व सरळ करावयाचा. दांड्याचा वेग ठरलेला. पायाचा जोर तेवढा कागदावर उमटतो. डावी मांडी उजवीहून उणी निघाली. तपासणारानें व्यायाम वाढवा एवढेंच सांगितलें. आम्हीं मात्र त्या आंकड्याची कुंडली केली आणि वडीलकीच्या जोरावर मुलाला त्या भरतीस जाऊं दिलें नाहीं. पुढची भरती निघेपर्यंत त्याला 28 वर्षें उलटून गेलीं होतीं.

मग आम्ही वाचावयास बसलों. शहाणपण हें असेंच उशिरा सुचतें! कतर देशांत 413 धंदेवाईक फुटबॉल-खेळाडूंच्या मांड्यांचें बळ अनेक परींनीं मोजून पाहिलें. कोणाची शीर दुखावेल हें त्यावरून सांगतां येत नाहीं, असा निष्कर्ष 2017 सालीं प्रसिद्ध झाला. दुबळे धडधाकट राहतात, बळकट लंगडतात. दोघांचे आंकडे एकमेकांत मिसळलेले. शिवाय ही शीर खुर्चींत तुटत नाहीं. भरधांव पळतांना, पाऊल जमिनीला लागण्यापूर्वीं, पुढें फेंकलेल्या पायाला ती स्वतः ताणली जात असतां आवरून धरते. घात होतो तो बहुधा त्या क्षणीं. पूर्वीं ही शीर कधीं दुखावली होती काय, हा प्रश्न त्या आंकड्याहून अधिक कामाचा. तो आम्हीं त्याला विचारलाच नव्हता. विचारला असता तर उत्तर ‘नाहीं’ असें होतें.

उपाय आहे, आणि त्याला भाकिताची गरज नाहीं. गुडघ्यांवर बसावें, दुसऱ्यानें घोटे दाबून धरावे, आणि अंग ताठ ठेवून हळूहळू पुढें झुकत जावें. नियमानें हें करणाऱ्या संघांत अशा दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्या आहेत. सबळ-दुर्बळ न निवडतां सर्वांनींच करावयाचा हा व्यायाम.

पुतण्या हल्लीं धाकट्या पोरांकडून तो करवून घेतो. भरतीचा विषय आमच्याशीं त्यानें कधीं काढला नाहीं. परवां मैदानाकडेनें जात असतां त्यानें हांक मारली, “तात्या, या पोराचे घोटे धरा जरा.”

आम्हीं काठी बाजूला ठेवली आणि मातींत बसलों.