तुळशीश्यामचा उलटा उतार

सुरतेहून दोन दिवसांची सहल काढायची असेल तर गीरमधलं तुळशीश्याम आता तितकं लांब राहिलेलं नाही. पूर्वी खंभातच्या आखाताला वळसा घालून जावं लागे. २०२० च्या नोव्हेंबरात हजीरा ते घोघा रो-रो फेरी सुरू झाली आणि गाडीसकट साधारण चार तासांत आपण सौराष्ट्रात उतरतो. पुढे भावनगर, तळाजा, महुवा, उना करत गीरच्या जंगलात शिरायचं. तुळशीश्यामला श्यामजींचं मंदिर आहे, गरम पाण्याची कुंडं आहेत. पण आमच्या गाडीतली मुलं आली होती ती मंदिराजवळच्या रस्त्यासाठी. तिथे गाडी आपोआप चढ चढते, असं त्यांनी ऐकलं होतं.

रस्ता मोकळा बघून गाडी न्यूट्रलमध्ये टाकली आणि ब्रेक सोडला. समोर स्वच्छ चढ दिसत होता आणि गाडी हळूहळू त्याच दिशेने निघाली! नववीतला भाचा म्हणाला, “डोंगरात चुंबक आहे.” धाकटी पुतणी मागे वळून बघत म्हणाली, “आत्या, कुणीतरी ढकलतंय गं.”

गाडी कडेला लावली आणि दोघांच्या हातात पाण्याची बाटली आणि रबरी चेंडू दिला. पाणी ओतलं, तेही ‘चढावर’ वाहू लागलं. चेंडूही तिकडेच गेला. चुंबक पाण्याला किंवा रबराला ओढत नाही, म्हणजे चुंबक बाद. मग मोबाइलमधलं लेव्हल मोजणारं ॲप उघडून फोन रस्त्यावर ठेवला. ज्याला आम्ही चढ म्हणत होतो, तो चक्क उतार होता.

डोळे असे का फसतात? चढ-उतार ठरवताना आपण नकळत क्षितिजाचा आधार घेतो. डोंगर-झाडांमुळे क्षितिज झाकलं गेलं, की मेंदू दुसराच काहीतरी आडवा आधार धरतो. शिवाय मोठ्या उताराला लागून हलका उतार आला, तर तो हलका उतार चढासारखा दिसू शकतो. इटलीतल्या पाओला ब्रेसान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये टेबलावर रस्त्यांच्या छोट्या प्रतिकृती मांडून हा भास मुद्दाम घडवून दाखवला. लेहजवळच्या मॅग्नेटिक हिलचं गुपितही हेच.

अशा जागांना गोष्टी चिकटतात, आणि त्यातली एक मला फार लागते. अमेरिकेत टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहरात एका रेल्वे फाटकाजवळ गाडी अशीच ‘चढायची’. लोक सांगतात की इथे शाळेच्या बसला आगगाडीने उडवलं आणि त्या मुलांची भुतं गाडी रुळांपलीकडे ढकलतात. डिकीवर पावडर टाकली की इवल्या हातांचे ठसे दिसतात म्हणे. ठसे बहुधा घरच्यांचेच, धातूवर आधीपासून असलेले. आणि तो अपघात खरा आहे, पण १९३८ चा आणि दूर यूटा राज्यातला. दुसऱ्या गावची मुलं, दुसऱ्यांचं दुःख, आणि इथे रात्रीची गंमत!

आपल्या डुमसचंही असंच नाही का? टोमॅटोची भजी खाताना कुणीतरी सांगतंच, की इथे स्मशान होतं आणि चितांच्या राखेने वाळू काळी झाली. कागदात गुंडाळलेलं चुंबक त्या वाळूतून फिरवून बघा, काळे कण चिकटतात. तापीचं बहुतेक खोरं काळ्या बेसाल्ट खडकाचं. त्या खडकातले लोहाचे कण नदी समुद्राकडे आणते. म्हणजे ज्याला मुलं घाबरतात ती राख नसून, आपल्यापैकी अनेकांच्या खानदेशातून वाहत आलेली काळी माती-खडक आहे.

तुळशीश्यामला जाणार असाल तर दोन गोष्टी पाळा. इंजिन बंद करू नका, कारण ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात. मागेपुढे एकाला लक्ष ठेवायला उभं करा. आणि सिंहांचं जंगल आहे, तेव्हा दिवसाउजेडी जाऊन या.

मुलांना भुताच्या गोष्टी जरूर सांगा, त्याशिवाय प्रवासाला मजा नाही. फक्त सोबत पाण्याची बाटली, चेंडू आणि चुंबक असू द्या. ‘भूत नसतं’ असं दटावून भीती जात नाही, रात्री दिवा बंद केला की ती परत येते. स्वतःच्या हाताने ओतलेलं पाणी कुठे गेलं हे बघितलेलं मूल मात्र पुढच्या गोष्टीला आपणहून विचारतं, “हे तपासायचं कसं?”