झाडाखाली थांबले असता

बोरी अरबला आम्ही दोघे मराठी शिकवतो. काही वर्षांपूर्वी, सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत, द्वितीय वर्षाचा एक विद्यार्थी पंधरा दिवस वर्गात आला नाही. परतला तेव्हा डोक्यावरचे केस काढलेले होते. वडिलांच्या बातमीचे कात्रण त्याने वहीत जपले होते : पाऊस आल्याने झाडाखाली थांबले असता वीज पडून मृत्यू. 'सर, यातला "असता" म्हणजे काय?' प्रश्न व्याकरणाचा नव्हता. उत्तर आम्ही व्याकरणाचेच दिले. त्याची बोच अजून आहे.

वास्तविक त्या 'असता'पाशीच मृत्यूचे कारण दडलेले असते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात नैसर्गिक आपत्तींनी ८,०६० माणसे दगावली. त्यांपैकी २,८८७ विजेने, तर उष्माघाताने ७३०. राज्य, वय, लिंग एवढे तक्ता सांगतो. माणूस कुठे उभा होता, पहिला गडगडाट ऐकूनही शेतात किती वेळ राहिला, हे तक्त्यात येत नाही. ते येते बातमीच्या त्या ठरावीक, कंटाळवाण्या वाक्यात.

थेट अंगावर वीज कोसळून मरणारे तुलनेने थोडे. झाडावर पडलेली वीज शेजारच्या माणसाकडे झेपावते, किंवा जमिनीत पसरून पायांतून शरीरात शिरते. जनावरांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर अधिक, म्हणून कधी एकाच झाडाखाली अख्खा कळप मरून पडतो.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' हे अ‍ॅप आसपास कडाडणाऱ्या विजेची सूचना मोबाईलवर देते. (नाव संस्कृत, आमच्या शिवारात तिला 'इज' म्हणतात.) काम मोलाचे आहे, यात शंका नाही. पण पाऊस लागला की मजुराचा फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून धुऱ्यावर ठेवलेला असतो. आणि सूचना मिळालीच, तरी जायचे कुठे? शिवारात आडोसा म्हणजे झाडच.

गेल्या वर्षापासून विद्यार्थी अशी कात्रणे आणतात, गावी विचारून रकाने भरतात : वेळ, चालू असलेले काम, झाड, जवळचे पक्के छत. निष्कर्ष काढावा इतकी कात्रणे अद्याप जमलेली नाहीत. तो मुलगा आता एम. ए. करतो. सुट्टीत आला तेव्हा त्याने स्वतःचेही कात्रण भरून दिले. झाडाच्या रकान्यात लिहिले : बाभूळ. छताच्या रकान्यात : गावातली शाळा, चालत वीस मिनिटे.